सेप्टम, सेप्टा, सेप्टेट: सगळीकडे 'पडदा' लिहिलं तर चालेल का?

चांदणवेल:
शरीररचनेच्या मजकुराचं मराठीकरण चालू आहे. नाकाचा पडदा, कानाचा पडदा, डोळ्याचा पडदा, हे सगळे सेप्टमच का? 'सेप्टा' आणि 'सेप्टेट' हे वेगळे आजार आहेत की एकाच शब्दाची रूपं?

अस्थिसार:
सगळे नाहीत. दोन पोकळ्या किंवा एकाच अवयवाचे दोन भाग वेगळे करणारी भिंत म्हणजे सेप्टम. डोळ्याचा पडदा म्हणजे रेटिना; तो काहीच विभागत नाही, आतून अस्तरासारखा असतो. कानाचा पडदा विभागतो खरा, पण शास्त्रीय नावात तो मेम्ब्रेन आहे. छाती आणि पोटामधला डायफ्रॅमही विभागतो, त्याला श्वासपटल हे स्वतंत्र नाव आहे. म्हणून पहिल्या उल्लेखात 'सेप्टम, म्हणजे मधला पडदा' लिहा आणि पुढे 'मधला पडदा' कायम ठेवा.

'पडदा' म्हटलं की पातळ काहीतरी डोळ्यांसमोर येतं, तिथेच घोळ होतो. हृदयाच्या दोन जवनिकांमधला (खालच्या कप्प्यांमधला) पडदा बहुतांशी स्नायूचा, प्रौढांत साधारण ६ ते १० मिमी जाडीचा. वरचा छोटा भाग तेवढा पातळ. नाकाच्या पडद्यात पुढे कूर्चा (मऊ, लवचीक हाडासारखा भाग) आणि मागे हाड. मार लागून कूर्चा आणि तिच्या आवरणाच्या मध्ये रक्त साचलं, तर कूर्चेचं पोषण तुटतं, कारण तिला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. ते रक्त वेळेत काढलं नाही तर नाकाचा दांडा खाली बसतो.

सेप्टा हे अनेकवचन, सेप्टेट म्हणजे पडदे असलेलं. आजाराचं नाव यांपैकी एकही नाही.

क्षकिरण:
स्कॅनच्या रिपोर्टमधला 'सेप्टा' बहुधा गाठीतले आडवेतिडवे पडदे सांगतो. मूत्रपिंडाच्या सिस्टसाठी (द्रवाने भरलेल्या गाठीसाठी) कर्करोगाचा संशय किती ते ठरवणाऱ्या बॉस्नियाक वर्गीकरणाच्या २०१९ च्या आवृत्तीत त्यांची संख्या आणि जाडी दोन्ही बघतात: १ ते ३ म्हणजे थोडे, ४ किंवा जास्त म्हणजे पुष्कळ, २ मिमीपर्यंत पातळ, ४ मिमी किंवा अधिक म्हणजे जाड. जाड पडदा कॉन्ट्रास्ट (स्कॅनच्या वेळी शिरेतून दिलेलं औषध) घेत असेल तर सिस्ट वरच्या वर्गात जाते. त्यामुळे नुसतं 'गाठीत पडदे आहेत' असं भाषांतर अपुरं. आकडे मुळात असतील तर तेही यायला हवेत.

'हृदयाच्या पडद्याला छिद्र' हेही मोघम. कर्णिकांमधल्या (वरच्या कप्प्यांमधल्या) की जवनिकांमधल्या, ते लिहा. कर्णिकांमधली गर्भावस्थेतली झडप साधारण चारपैकी एका प्रौढात पूर्ण चिकटलेली नसते. त्या फटीला पडद्याचा दोष म्हणू नये. दोषात भिंतीचा भागच नसतो.

बुरशीवाला:
एक भर घालतो. बुरशीत अ‍ॅस्परजिलसचे तंतू सेप्टेट, म्हणजे आडव्या भिंतींचे. म्यूकर गटातले रुंद आणि जवळजवळ बिनभिंतीचे, म्हणजे असेप्टेट. याला 'असेप्टिक' लिहिलेलं अनेकदा दिसतं आणि अर्थच उलटापालटा होतो. असेप्टिक म्हणजे निर्जंतुक, तो सेप्सिसच्या (जंतुसंसर्गाच्या) कुळातला शब्द. सेप्टमशी त्याचं नातं नाही. टंकलेखन तपासताना शेवटच्या 'टेट' आणि 'टिक' एवढाच फरक डोळ्यांत तेल घालून बघा, स्पेलचेकरला दोन्ही बरोबर वाटतात.