हाफ आयर्नमॅनसाठी रोड बाईक की ट्राय बाईक?

सायकलवेडी
मंडळी, सल्ला हवाय. हाफ आयर्नमॅन (पोहणं, 90 किमी सायकल आणि पळणं अशी सलग स्पर्धा) करायचं नक्की केलंय, जमलं तर पुढे दुप्पट अंतराची फुल. एकच सायकल घेता येणार आहे. काही जण म्हणतात थेट ट्राय बाईक (अशा स्पर्धांसाठीच बनवलेली सायकल) घे, काही म्हणतात रोड बाईकला एअरोबार (कोपरं टेकवून वाकून चालवायचे पुढचे दांडे) लाव. सराव बहुतेक ग्रुपबरोबर असतो, चढ-उतारही बरेच आहेत. काय करू?

लांबपल्ला
ग्रुपबरोबर सराव करता म्हणालात, तिथेच माझं मत ठरलं. रोड बाईक घ्या आणि क्लिप-ऑन एअरोबार लावा. ट्राय बाईकचे गिअर एअरोबारच्या टोकाला असतात आणि ब्रेक बाजूच्या आडव्या बारवर. कोपरं टेकवून चाललात आणि पुढच्याने अचानक वेग कमी केला, तर हात उचलून ब्रेकपर्यंत नेईस्तोवर तुमचं चाक त्याच्या चाकाला लागलेलं असतं. घोळक्यात कोपरं टेकवून चालवणाऱ्याच्या मागे मी कधीच राहत नाही, माणूस कितीही ओळखीचा असो.

ट्राय बाईक वेगवान असते, यात वाद नाही. पण सपाटीवर ताशी 30 किमीच्या पुढे गेलं की बहुतेक ताकद हवा कापण्यात जाते, आणि हवेला सगळ्यात जास्त अडवतं ते आपलं शरीर, फ्रेम नव्हे. वारा नसताना ताशी 30 वरून 35 किमीवर जायचं तर नुसत्या हवेसाठी साधारण 60 टक्के जास्त ताकद लागते. म्हणून खरी कमाई बैठकीची. 1989 च्या टूर द फ्रान्समध्ये शेवटच्या टाइम ट्रायलला (एकेकट्याने वेळेविरुद्धची शर्यत) ग्रेग लेमाँडने एअरोबार लावले, 50 सेकंदांची पिछाडी भरून काढली आणि 8 सेकंदांनी टूर जिंकली.

मात्र ती बैठक 90 किमी टिकली पाहिजे. आधी घरी ट्रेनरवर (सायकल जागच्या जागी चालवायचा स्टँड) तासभर कोपरं टेकवून चालवून बघा. मान अवघडते का, पेडल वर येताना मांडी पोटावर दाबते का, न उठता पाणी पिता येतं का? दर थोड्या वेळाने उठून बसावं लागत असेल तर महागड्या फ्रेमचा फायदा तिथेच संपला.

उलटा_वारा
बैठकीचं पटलं, पण भूमितीही बघा. रोड बाईकची सीट ट्यूब (फ्रेमची सॅडलखालची नळी) 73 अंशांच्या आसपास असते, ट्राय बाईकची साधारण 76 ते 80. त्यामुळे माणूस पुढे सरकतो, वाकूनही कंबरेचा कोन मोकळा राहतो. फुलला 180 किमीनंतर 42 किमी पळायचंय. फुल पक्की असेल आणि सराव एकटीने होणार असेल, तर मी ट्राय बाईकच घेईन.

लांबपल्ला
अगदी बरोबर, म्हणूनच नुसते बार ठोकून भागत नाही. बार लावले की सॅडल थोडं पुढे आणि किंचित वर घ्यावं लागतं. मागे झुकाव नसलेला सीटपोस्ट (सॅडलची दांडी) लावला तर आणखी पुढे जाता येतं. हे सायकलची बैठक जुळवून देणाऱ्या फिटरकडूनच करून घ्या, आणि आखूड, थोडी उंच फ्रेम निवडा म्हणजे बारपर्यंत ताणावं लागणार नाही.

सायकलवेडी
मनापासून आभार दोघांचे. स्पर्धेत ग्रुपचा आडोसा मिळतच नाही ना?

लांबपल्ला
नाही, ड्राफ्टिंगला (दुसऱ्याच्या आडोशाने चालवायला) बंदी असते, पुढच्या सायकलपासून ठरलेलं अंतर ठेवावं लागतं. म्हणून आठवड्यातली एक लांब राइड आतापासूनच एकटीने, एअरोबारवर करा. उतारावर आणि आडव्या वाऱ्यात मात्र हात हुडवरच (ब्रेकच्या मुठींवर).