दिवाळीच्या भेटीसाठी दूध, गहू, दाणे, काजू-बदाम काहीच नसलेला गुळाचा व्हीगन खाऊ: प्रमाण हवंय

इंदिरानगरकर

यंदा दहा घरी फराळाच्या ताटाऐवजी ओव्हनमधला खाऊ डब्यात भरून द्यायचा विचार आहे. अडचण अशी, की एका घरात सहा वर्षांच्या मुलीला शेंगदाणे आणि काजू-बदामाची तीव्र ॲलर्जी आहे, दुसऱ्या घरात मुलाला दुधाची, आणि तिसऱ्या घरातल्या काकूंना सीलिॲक असल्यामुळे गहू अजिबात चालत नाही. शिवाय दोन घरं पूर्ण व्हीगन, म्हणजे प्राण्यांपासूनचं काहीच न खाणारी. प्रत्येकाचं वेगळं करत बसण्यापेक्षा सगळ्यांना चालेल असं एकच काहीतरी करावं म्हणते. साखर नको, गूळ किंवा खजूर चालेल. मध व्हीगनमध्ये बसत नाही, तेव्हा तोही नको.

घरी २८ लिटरचा ओटीजी ओव्हन आहे. पीठ कोणतं घ्यावं, तुपाऐवजी काय, आणि टिकेल किती दिवस? दोन डबे कुरिअरनं पुण्याला जायचेत.

पीठमीठ

रेसिपी कोणीतरी देईलच. त्याआधी स्वयंपाकघर बघा, कारण अशा खाऊत गडबड होते ती घटकांत नाही, हाताळणीत.

पहिली गोष्ट गिरणी. नागली (नाचणी), ज्वारी, तांदूळ गिरणीत दिलं की आधीच्या दळणाचा गहू त्यात उतरतोच. सकाळी पहिलं दळण आपलं असलं तरी जात्यात आदल्या दिवशीचं पीठ असतं. सीलिॲकसाठी हे चालत नाही. त्रास होतो तो गव्हातल्या ग्लुटेन या चिकट प्रथिनाचा. ग्लुटेनमुक्त म्हणवण्याची मर्यादा किलोमागे २० मिलिग्रॅम ग्लुटेन आहे, म्हणजे एक किलो पिठात चिमूटभर कणीक पडली तरी ती ओलांडली जाते. एकतर ग्लुटेनमुक्त असं छापलेलं बंद पाकीट घ्या, नाहीतर धान्य निवडून, धुऊन, वाळवून घरी मिक्सरवर दळा. घरघंटीत कधी गहू दळला असेल तर तीही बाद.

दुसरी गोष्ट तेल. लाकडी घाण्याचं खोबरेल चांगलं, पण बहुतेक घाण्यांवर शेंगदाणा, तीळ, करडई, खोबरं एकाच लाटेवर पाळीपाळीनं निघतं. गाळलेल्या तेलात दाण्याचं प्रथिन राहतं आणि ॲलर्जी प्रथिनाचीच असते. या डब्यासाठी बंद बाटलीतलं रिफाइंड खोबरेल घ्या. एरवी मी हा सल्ला देणार नाही.

तिसरी गोष्ट सुटा माल. नाशिकला रविवार कारंजा किंवा मेनरोडला सुटे खजूर, बेदाणे, बिया घेतल्या तर काजूच्या पोत्यातला मापटा बियांच्या पोत्यात जातोच, त्यात दुकानदाराचा दोष नाही. पाकिटातलं घ्या आणि मागची ओळ वाचा. २०२० च्या लेबलिंग नियमांनुसार पाकिटावर ग्लुटेनची धान्यं, दूध, अंडी, शेंगदाणे, नट्स (काजू, बदाम, अक्रोड वगैरे), सोयाबीन हे असल्यास लिहावंच लागतं. 'असू शकते' अशी ओळ दिसली तर त्या मुलीच्या डब्यासाठी ते पाकीट नको.

मिक्सरच्या ज्या भांड्यात दाण्याचा कूट होतो ते वापरू नका. त्याच्या पात्याखालच्या रबरात कूट बसतो, धुऊन निघत नाही. पिठाची चाळणी नवी घ्या, जुनीच्या जाळीत कणीक असतेच. लाकडी पोळपाट, लाकडी चमचे नकोत. ज्या दिवशी शंकरपाळ्या किंवा करंज्या होतील त्या दिवशी हा खाऊ करू नका, मैदा हवेत उडतो आणि ओट्यावर बसत राहतो. सगळ्यात सोपं म्हणजे फराळ सुरू होण्याआधी, ओटा पुसून, हे आधी उरका.

आणि हो, त्या मुलीच्या आईला नारळ चालतो का ते विचारा. नट्सची ॲलर्जी असणाऱ्या बहुतेकांना चालतो, अमेरिकेच्या अन्न-औषध प्रशासनानंही जानेवारी २०२५ मध्ये नारळ नट्सच्या यादीतून काढला. पण बहुतेक म्हणजे सगळे नव्हेत. तिळाचंही त्याच फोनवर विचारून घ्या.

ओव्हनवाली_मखमलाबाद

+१, विशेषतः चाळणीबद्दल.

आता खाऊ. कुरिअरनं जायचंय म्हणून कोरडा पदार्थ हवा, तेव्हा नागलीची नानकटाई. आपल्याकडे पेठ-सुरगाण्याची नागली मिळतेच. १५ ग्रॅमची एक धरून साधारण २६ होतात:

नागलीचं पीठ १५० ग्रॅम
तांदळाची बारीक पिठी ५० ग्रॅम
गूळ पावडर ९० ग्रॅम, चाळून
खोबरेल ८० ग्रॅम, गोठलेलं
इसबगोल १ चहाचा चमचा
बेकिंग पावडर अर्धा चमचा
वेलची अर्धा चमचा, सुंठ पाव चमचा, चिमूट मीठ
पाणी २ ते ४ मोठे चमचे

नागलीचं पीठ आधी जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर ६-७ मिनिटं भाजा. कच्चट वास जाऊन खमंग वास आला की उतरवा, पूर्ण गार करा. गरम पिठात खोबरेल घातलं की वितळतं आणि नानकटाई ट्रेवर पसरून पापड होते.

खोबरेल २४ अंशांच्या आसपास वितळतं. दिवाळीत आपल्याकडे पहाटे गारवा असला तरी दुपारी तीसच्या वर जातं, त्यामुळे बाटलीतलं तेल पातळच असणार. वाटीत काढून फ्रिजमध्ये ठेवा आणि साजूक तुपासारखं दाणेदार घट्ट झालं की घ्या. दगड झालं तर पाच मिनिटं बाहेर. गूळ पावडर घालून ४-५ मिनिटं फेटा, रंग उजळला पाहिजे. मग पीठं, इसबगोल, बेकिंग पावडर एकत्र चाळून घाला. इसबगोल चाळणीत अडकला तर वरून टाका. शेवटी पाणी चमच्याचमच्यानं. मुठीत दाबल्यावर गोळा टिकला आणि बोटानं टोचल्यावर कडा फाटली नाही की थांबा. वीस मिनिटं फ्रिजमध्ये झाकून ठेवा, तेवढ्यात इसबगोल पाणी ओढून घेतो. ही पायरी गाळली तर भाजल्यावर हातात भुगा येतो, कारण गव्हातला चिकटपणा इथे नाहीच.

१५ ग्रॅमचे गोळे, सेंटिमीटरभर जाडीला दाबून, मधल्या खणात, दोन्ही रॉड लावून १६० अंशांवर १६ ते १८ मिनिटं. ओटीजी आधी १५ मिनिटं तापवा. गूळ साखरेपेक्षा लवकर करपतो, म्हणून १८० वर जाऊ नका.

नागली मुळातच काळपट, त्यामुळे रंगावरून काही कळत नाही. कडेला बोटानं हलकं दाबा: कडा घट्ट आणि मधोमध किंचित मऊ, की बाहेर. मधोमधही कडक होईपर्यंत ठेवलं तर गार झाल्यावर दात लागत नाहीत. ट्रेवरून लगेच उचलू नका, वीस मिनिटांत आपोआप घट्ट होतात.

इंदिरानगरकर

खूपच नेमकं, धन्यवाद ताई. बाकी सगळ्यांचंही. नारळ आणि तीळ दोन्ही चालतात, विचारलं. आता तीन शंका. नागलीत सूर्यफुलाच्या बियांची पूड घातली तर काजूसारखी चव येईल असं वाचलं, तशी थोडी करून पाहिली तर दुसऱ्या दिवशी आतून चक्क हिरव्या! बिघडल्या का? दुसरं, गुळाऐवजी खजूर किती? तिसरं, सासऱ्यांना मधुमेह आहे, गुळाच्या असल्यामुळे चालतील ना?

रसायनकट्टा

हिरव्या म्हणजे बिघडलेल्या नव्हेत. सूर्यफुलाच्या बियांत क्लोरोजेनिक आम्ल असतं, ते बेकिंग सोडा-पावडरच्या अल्कधर्मी मिश्रणात प्रथिनांशी जुळून हिरवा रंग देतं. खायला निर्धोक, पण भेटीच्या डब्यात हिरवी नानकटाई कोण खाईल? बेकिंग पावडर निम्मी करा आणि १ चमचा लिंबाचा रस घाला, किंवा त्या बिया सोडून भोपळ्याच्या बियांची पूड घ्या. ३० ग्रॅम पूड घातली तर तेवढी तांदळाची पिठी कमी करा.

गुळाबद्दल: मधुमेहाला गूळ 'चालतो' हा समज सोडा. गूळ बहुतांश सुक्रोजच आहे, थोडी खनिजं आणि रंग-वास जास्त इतकंच. खजुरातही साखर भरपूर. सासऱ्यांचा हिशेब साखरेसारखाच धरायचा.

गूळ घेताना पिवळाधमक घेऊ नका. तो रंग यावा म्हणून काहिलीत हायड्रॉस टाकतात, म्हणजे गंधकाचं संयुग. सल्फाइटनं ज्यांना दम लागतो त्यांना ते त्रासदायक. तोच मुद्दा बेदाण्याला: सोनेरी, हिरवट बेदाण्याला गंधकाची धुरी दिलेली असते. काळसर, तपकिरी बेदाणा घ्या, दिसायला साधा पण निर्धोक.

ओव्हनवाली_मखमलाबाद

खजुराचं. नानकटाईत खजूर घालू नका, गुळाच्या जागी पेस्ट घातली की ओलावा येतो आणि ती मऊ वडी होते. खजुराची वेगळी वडीच करा, नाशिकमधल्या नाशिकमध्ये द्यायला:

बी काढलेला काळा मऊ खजूर २०० ग्रॅम, ६० मिली गरम पाण्यात वीस मिनिटं भिजवून त्या पाण्यासकट वाटून. राजगिऱ्याच्या लाह्या ५० ग्रॅम. भोपळ्याच्या बिया ६० आणि सूर्यफुलाच्या बिया ६० ग्रॅम, दोन्ही कोरड्या भाजून. लिंबाचा रस १ मोठा चमचा, सुंठ अर्धा चमचा, मीठ. सगळं हातानं कालवून ७ इंची चौकोनी टिनमध्ये बटर पेपर घालून घट्ट दाबा. घट्ट म्हणजे वाटीच्या बुडानं दाबून, नाहीतर कापताना सुटते. १५० अंशांवर २५ मिनिटं. पूर्ण गार झाल्यावरच सुरी लावा.

इथे सोडा-पावडर नाही, म्हणून बिया हिरव्या होत नाहीत.

'बिनबियांचा' लिहिलेल्या पाकिटातही बीचा तुकडा निघतो, प्रत्येक खजूर बोटानं उघडून बघा. आणि बदाम भरलेले खजूर जिथे पॅक होतात तिथलाच साधा खजूर असेल तर पाकिटावर नट्सची ओळ असते, ती पाहा. राजगिऱ्याच्या लाह्या चिक्कीवाल्याकडून नकोत. तिथे दाणेच दाणे.

ही वडी बाहेर ४ ते ५ दिवस, फ्रिजमध्ये दोन आठवडे. कुरिअरला नको.

सातपूर_एमआयडीसी

चॉकलेट बुडवून सजवायचा मोह होईल म्हणून सांगतो: डार्क चॉकलेटच्या बऱ्याच पाकिटांवर दुधाचे घटक असतात, आणि एकाच यंत्रावर बदामाचं चॉकलेट होतं. साधी कोको पावडर नानकटाईत १५ ग्रॅम घाला, तेवढी पिठी कमी करा. लोण्याऐवजी वापरतात ते मार्गारीनही तसंच. 'वनस्पती' वाचून व्हीगन समजू नका, काहींत दुधाची भुकटी असते.

ओट्स म्हणाल तर साधे ओट्स काकूंना नकोत, शेतापासून गिरणीपर्यंत गव्हाबरोबरच फिरतात.

पीठमीठ

पॅकिंगचं राहिलं.

नानकटाई पूर्ण गार झाल्याशिवाय झाकण लावू नका. कोमट असताना भरली तर आतल्या वाफेनं गूळ पाणी धरतो आणि दुसऱ्या दिवशी मऊ, चिकट. भेटीचे डबे भांडी बाजारातले स्टीलचे, घट्ट झाकणाचे. पुठ्ठ्याच्या खोक्यात तेलाचा डाग बाहेर येतो, दुपारच्या उन्हात खोबरेल सुटतंच. दोन थरांमध्ये बटर पेपर, तिसरा थर नको. अशी नानकटाई दोन आठवडे छान राहते, तिसऱ्यात खोबरेलाचा वास लागायला लागतो.

पुण्याच्या डब्यात वरची पोकळी बटर पेपरच्या चुरगळलेल्या गोळ्यांनी भरा, हलवून आवाज आला तर पोचेपर्यंत चुरा. सोमवारी किंवा मंगळवारी पाठवा, म्हणजे शनिवार-रविवार गोदामात अडकत नाही.

दहाही डब्यांत ही नानकटाई, नाशिकमधल्यांत फार तर वरची खजुराची वडी, दुसरं काही नाही. 'सोबत दोन बेसनाचे लाडू' टाकलेत तर सगळी मेहनत वाया.

डब्यावर चिठ्ठी चिकटवा, आत टाकू नका. 'ॲलर्जीमुक्त' असं लिहू नका, ते घरच्या स्वयंपाकघरातून कोणालाच छातीठोक सांगता येत नाही. घटक लिहा: नागली, तांदूळ, गूळ, खोबरेल, इसबगोल, बेकिंग पावडर, वेलची, सुंठ, मीठ. बियांची पूड किंवा कोको घातलात तर तेही, वडी दिलीत तर तिचेही घटक. खाली: 'ज्या घरात केलं तिथे गहू, दूध, शेंगदाणे, काजू वापरले जातात.' खाली केल्याची तारीख.

इंदिरानगरकर

बेकिंग पावडरमध्येही गहू असू शकतो का?

पीठमीठ

बहुतेकींत मक्याचा स्टार्च असतो, पण पाकीट फिरवून बघा. नुसतं 'स्टार्च' लिहिलं असेल तर दुसरी घ्या. आणि डब्यातली जुनी, जिच्यात कणकेचा चमचा गेलाय ती नको, नवीन फोडा.