मदत हवी आहे: व्हीटीकेच्या फिल्टर-साखळीत स्वतःचा फिल्टर कसा बसवावा?

नमस्कार. सीटी स्कॅनवरून हाडांचा त्रिमितीय पृष्ठभाग काढण्यासाठी मी पायथनमधून व्हीटीके (त्रिमितीय दृश्यीकरणाची सॉफ्टवेअर लायब्ररी) वापरत आहे. डायकॉम रीडर (स्कॅनच्या फाइली वाचणारा), फ्लाइंग एजेस (पृष्ठभाग काढणारा), विंडोड सिंक (तो गुळगुळीत करणारा) आणि पॉलीडेटा नॉर्मल्स (पृष्ठभागाच्या लंबदिशा काढणारा) हे टप्पे 'सेटइनपुटकनेक्शन'ने जोडलेले असून, पृष्ठभागाचे मूल्य (ज्या घनतेवर पृष्ठभाग काढायचा ते) बदलून शेवटच्या टप्प्यावर 'अपडेट' केले की फ्लाइंग एजेसपासून पुढचे टप्पेच पुन्हा चालतात. रीडर फाइलींना पुन्हा हात लावत नाही. हीच या रचनेची खरी ताकद आहे आणि ती मला गमवायची नाही.

रीडरनंतर लगेच, धातूच्या रोपणाभोवतीची मूल्ये नमपायने (पायथनच्या आकडेमोडीच्या लायब्ररीने) दुरुस्त करणारा माझा स्वतःचा टप्पा हवा आहे. 'गेटआउटपुट' घेऊन 'सेटइनपुटडेटा'ने पुढे दिल्यास साखळी तिथेच तुटते, म्हणून 'व्हीटीकेपायथनअल्गोरिदमबेस'पासून वर्ग तयार करून त्यात 'रिक्वेस्टडेटा' (टप्प्याचे प्रत्यक्ष काम करणारे फंक्शन) लिहिण्याचा विचार आहे. मात्र 'शॅलोकॉपी' केल्यास ॲरे सामायिक राहतो आणि त्यात जागेवर केलेला बदल रीडरच्या आउटपुटमध्येही उमटतो. 'डीपकॉपी' (डेटाची स्वतंत्र पूर्ण प्रत) केल्यास ५१२ × ५१२ च्या ४०० स्लाइसना, १६ बिटांच्या हिशेबाने, आणखी सुमारे २०० एमबी लागतात.

'शॅलोकॉपी' करून केवळ स्केलर ॲरे (प्रत्येक बिंदूच्या मूल्यांचा संच) नवा बसवावा आणि रीडरवर 'रिलीजडेटाफ्लॅगऑन' (वापर झाल्यावर आउटपुट मेमरीतून काढून टाकणारा पर्याय) लावावा, तर माझ्या टप्प्याचा एखादा पॅरामीटर बदलताच सर्व फाइली पुन्हा वाचल्या जातील. मेमरी आणि वेळ यांपैकी आपण कशाला प्राधान्य देता? शिवाय शेजारच्या व्हॉक्सेलांची (त्रिमितीय पिक्सेलांची) गरज असल्याने 'रिक्वेस्टअपडेटएक्स्टेंट'ही (मागच्या टप्प्याकडून डेटाचा कोणता भाग हवा ते सांगणारे फंक्शन) लिहावे लागेल का? ज्यांनी असा फिल्टर प्रत्यक्ष वापरला आहे, त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.