मदत हवी आहे: समाजाचं जुनं कार्यालय पाडायला परवानगी कुणाची? (अर्जंट)

सोन्या_सोलापूर:
रविवारी सभा आहे, लवकर सांगा. आमच्या समाजाच्या जुन्या कार्यालयाला महापालिकेची नोटीस आलीय. दगडी भिंती, वर माळवद, म्हणजे मातीचं सपाट छत. पावसात गळतं. जिना इतका उभा की म्हातारी माणसं वर येईनात. लग्नाला कुणी घेत नाही. अर्धे म्हणालेत पाडा, लिफ्टवालं बांधू. अर्धे म्हणालेत पणजोबांनी वर्गणी काढून बांधलंय, हात लावायचा नाही. बिल्डर तयार आहे. पाडायला परवानगी कुणाची, तेवढंच सांगा.

बाळीवेसकर:
नोटीस कलम २६४ची, म्हणजे धोकादायक इमारतीची, की नुसतं ३० वर्षांवरच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे मजबुतीची तपासणी, मागितलंय? जागा कुणाच्या नावावर?

सोन्या_सोलापूर:
ट्रस्टच्या. नोटीस अध्यक्षांकडं आहे, मी वाचली नाही. मी पाडायचं विचारलंय ओ.

चुनाभट्टी:
पाडता कशाला? दरवर्षी पांढरी माती टाकून माळवदाचं वजन वाढतं आणि भिंतीतली तुळयांची टोकं कुजतात. जादाची माती उतरवा, टोकांना सळई टोचून बघा, कुजल्यात तेवढ्या बदला. फक्त सिमेंटचा गिलावा करू नका, ओल आत कोंडते. आप्पासाहेब वारदांनी बांधलेलं इंद्रभुवन, आपल्या महापालिकेची इमारत, तीही जुनी म्हणून पाडायची का?

सिव्हिल_अण्णा:
इंद्रभुवनला महापालिकेची तिजोरी आहे, ह्यांना वर्गणी. आणि चुन्यात काम करणारा गवंडी आणायचा कुठून? आमच्या गल्लीत असंच जपत बसले, शेवटी टेकू लावून राहिले. आरसीसी करा, मोकळे व्हा.

शेंगापोळी:
आम्ही लग्नाला जुळे सोलापुरात हॉल घेतला. पार्किंग भरपूर. केटररचा नंबर हवा तर मेसेज करा.

बाळीवेसकर:
बिल्डरला जागा विकणार किंवा ३ वर्षांवर भाड्यानं देणार असाल तर धर्मादाय आयुक्तांची आधी मंजुरी लागते, सार्वजनिक न्यास कायद्याचं कलम ३६. सभेचा ठराव पुरत नाही. आणि इमारत आहे कुठं?

सोन्या_सोलापूर:
भुईकोटाच्या खंदकासमोर. त्याचा काय संबंध?

बाळीवेसकर:
हे आधी सांगायचं की! किल्ला केंद्राच्या पुरातत्त्व खात्याकडं आहे. संरक्षित हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नवं बांधकाम बंद, पुढचे २०० मीटर परवानगीनं. १०० मीटरच्या आत १६ जून १९९२ आधीची इमारत असेल तर दुरुस्ती करता येते, तीही परवानगी घेऊनच. म्हणजे पाडलंत तर मोकळी जागा उरेल, हॉल नाही. बिल्डरनं हे सांगितलं का?

चुनाभट्टी:
झालं ना? माती उतरवा.

सिव्हिल_अण्णा:
माती उतरवून जिना सपाट होतो का? म्हाताऱ्यांचं काय?

बाळीवेसकर:
कार्यक्रम खाली घ्या, कपाटं आणि दप्तर वर न्या. उंबऱ्याला उतार करा. त्याला लिफ्ट कशाला?

चादरवाला:
किल्ल्यापाशी गड्ड्याच्या यात्रेत गाडी लावायला जागा नसते, त्यावर कुणी बोलंना.

सोन्या_सोलापूर:
अध्यक्ष म्हणालेत खंदकापासून टेपनं मोजू.

बाळीवेसकर:
खंदक नाही, संरक्षित हद्दीची रेषा. ती पुरातत्त्व खात्याच्या नकाशात असते, लेखी मागून घ्या. रविवारी पाडायचा ठराव करू नका, दुरुस्तीच्या परवानगीसाठी अर्ज करायचा करा. आणि ती नोटीस वाचा आधी, मुदत किती दिलीय बघा.

शेंगापोळी:
लग्न कुणाचं आहे पण?