कमायचा आणि तो वाजवणाऱ्याचे घर
राजस्थानातील गजाने (तारांवर घासायच्या धनुकलीने) वाजणाऱ्या वाद्यांच्या धुनी ध्वनिमुद्रित केल्या की दस्तऐवजीकरण पुरे होते, हे मत मला अपुरे वाटते. १९६० साली लेखक विजयदान देथा यांच्यासह राजस्थानातील बोरुंदा गावी रूपायन संस्थान ही लोककलांचा अभ्यास करणारी संस्था स्थापन करणाऱ्या लोकसंस्कृतीचे अभ्यासक कोमल कोठारी यांनी धुनींइतकेच वादकांच्या जीवनाकडेही लक्ष दिले. कारण मांगणियार आणि लंगा या राजस्थानातील वादक जमातींपैकी मांगणियारांचा कमायचा (गजाने वाजणारे तंतुवाद्य) किंवा लंगांची सिंधी सारंगी कोणत्या आश्रयदात्या यजमानाच्या दारी, जन्माच्या की लग्नाच्या प्रसंगी वाजते, हे कळल्याशिवाय त्या वादनाचा पुरता अर्थ लागत नाही. शिवाय कमायच्याचे कातड्याने मढवलेले गोल लाकडी पोट आणि आतड्याच्या ताती कशा घडवतात, हे ध्वनिफितीत उमटत नाही, त्यासाठी कारागिराकडेच बसावे लागते.