व्हो-ल-व्हिकाँत : बागेतला कालवा वाड्यातून दिसत का नाही?

कमानवेडी:
पॅरिसपासून साधारण ५५ किमीवर, मँसी गावाजवळचा हा बरोक, म्हणजे सतराव्या शतकातल्या भपकेदार शैलीतला प्रासाद (१६५६-६१). नकाशात बागेला आडवा छेदणारा जवळपास किलोमीटरभर लांब कालवा स्पष्ट दिसतो, पण वाड्यातून काढलेल्या फोटोंत त्याचा पत्ताच नाही. चौकोनी तळ्याला चिकटूनच पलीकडच्या गुहांच्या कमानी दिसतात. लबाडी कॅमेऱ्याची की बागेची? आणि बाकीची छतं खच्चून रंगवलेली असताना मोठ्या दालनाच्या घुमटात नुसतं आभाळ का?

ओळंबा:
लबाडी बागेचीच. बाग आखणाऱ्या आंद्रे ल नोत्रने जमीन टप्प्याटप्प्याने उतरती ठेवली आणि कालवा सगळ्यात खालच्या टप्प्यात, काठाच्या आड घातला. चौकोनी तळ्याच्या कडेवरून नजर थेट कमानींवर जाते, मधला खळगा गळून पडतो. शिवाय दूरच्या वस्तू लहान दिसतात, म्हणून त्याने दूरचं तळं मोठं केलं. चौकोनी तळं अलीकडच्या गोल तळ्याच्या कितीतरी पट आहे, वाड्यातून ते जाणवत नाही. त्यामुळे बाग आटोपशीर भासते आणि चालायला लागलं की संपता संपत नाही. कमानींकडे सरळ जाऊ म्हणाल तर पाणी आडवं येतं, बाजूने वळसा घालावाच लागतो.
परतताना चौकोनी तळ्याच्या दूरच्या काठावर थांबा. वारा पडलेला असेल तर अख्खा वाडा पाण्यात उतरतो.

दगडमाती:
घुमटाचं उत्तर तुरुंगात आहे. वास्तुकार लुई ल व्होने बागेच्या बाजूला दुमजली उंचीचं लंबगोल दालन काढलं. वर भोवतीने १६ मूर्ती : १२ महिने, ४ ऋतू. घुमटात चित्रकार शार्ल ल ब्रँ सूर्याचा महाल रंगवणार होता, आराखडा तयार होता. पण मालक निकोला फुके, म्हणजे राजाचा अर्थमंत्री, ५ सप्टेंबर १६६१ ला नाँतमध्ये पकडला गेला आणि काम तिथेच थांबलं. आत्ताचं आभाळ एकोणिसाव्या शतकातलं.

कमानवेडी:
म्हणजे १७ ऑगस्ट १६६१ ला फुकेने इथे दिलेल्या मेजवानीचा थाट बघून राजा चौदावा लुई चिडला, ते खरंच?

दगडमाती:
चिडला असेलही, पण बेत आधीच शिजला होता. फुके पॅरिसच्या पार्लमां न्यायालयाचा मुख्य सरकारी वकील होता. त्या पदावर असेपर्यंत त्याचा खटला त्याच न्यायालयात चालवावा लागला असता. म्हणून गोडीगुलाबीने त्याला ते पद विकायला लावलं, मग राजाच्या मस्केटिअर सैनिकांचा अधिकारी दार्तान्यां याच्याकरवी अटक. १६६४ मध्ये न्यायाधीशांनी हद्दपारी दिली, ती राजाने वाढवून जन्मठेप केली. ल व्हो, ल ब्रँ, ल नोत्र हे तिघेही राजाच्या व्हर्साय महालाच्या कामावर गेले.

ओळंबा:
एक पुरवणी. जुन्या फोटोंत वाड्यासमोर दिसणारे कशिद्यासारखे वाफे ल नोत्रच्या हातचे नव्हेत, ते १९२० च्या दशकात बागरचनाकार आशिल द्युशेनने पुन्हा आखलेले. त्यातलं बॉक्सवुड (कातरून आकार देतात ते झुडूप) बुरशी आणि अळीपायी गेलं, २०१९ मध्ये काढून टाकलं.