नाथांच्या घाटाशेजारी सात मजली फ्लॅट : पैठणकरांनो, तुमचं मत सांगा (प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे)

घाटावरची पायरी

आमच्या आळीच्या तोंडाशी पंधरा दिवसांपूर्वी बोर्ड लागला. पडक्या वाड्याच्या जागी सात मजले, 2 बीएचके आणि 3 बीएचके, प्रत्येक गॅलरीतून गोदावरी. खाली पार्किंग. चित्रातली नदी निळीशार आहे आणि काठावर एकही माणूस नाही. घाटसुद्धा नाही. पायऱ्यांच्या जागी हिरवळ दाखवलीय.

तो बोर्ड रोज दिसतो आणि रोज जीव खालीवर होतो, म्हणून इथं लिहायलोय.

पैठणला समुद्र नाही, तरी हे गाव एकेकाळी बंदराशी बांधलेलं होतं. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक वृत्तांतात लिहिलंय की भडोच बंदरापासून वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आहे आणि इथले किमती खडे गाड्यांवर लादून त्या बंदरात जातात. सातवाहनांची राजधानी ती हीच. त्या गावाचे थरावर थर साचून आजची पांढरी झाली आणि तिच्यावर आपली घरं उभी आहेत. आमच्या आजोबांनी न्हाणीसाठी खड्डा घेतला तेव्हा वीतभर रुंद जुन्या विटा लागल्या होत्या. नव्वदच्या दशकाच्या शेवटी नागघाटाजवळ उत्खनन झालं, त्यात विटांच्या प्राचीन मंदिरांचे अवशेष निघाले. बाळासाहेब पाटलांनी आयुष्यभर जे मणी, नाणी, मातीच्या मूर्ती गोळा केल्या आणि आज ज्यांचं शासकीय संग्रहालय आहे, त्या याच मातीतल्या. आता या मातीत सात मजल्यांचा पाया आणि तळघरातलं पार्किंग खणायचं म्हणजे जेसीबी एका दिवसात दोन हजार वर्षं उचलून ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत टाकणार.

दुसरं, नदी. 1599 साली नाथांनी याच पाण्यात देह ठेवला. नाथषष्ठीला लाखो माणसं याच काठावर येतात. गॅलरीतून बघायला म्हणून हा काठ कधी नव्हताच. उतरून पाण्यात पाय टाकायला तो आहे.

विकास नको असं माझं म्हणणं नाही. संभाजीनगर रोडला काय बांधायचं ते बांधा. घाट सोडा.

अकरा वाटेकरी

दादा, तो बोर्ड माझ्या भिंतीवर आहे. त्या "पडक्या वाड्या"चा मी वाटेकरी. तुम्ही बोललात, आता माझं ऐका.

आमचा वाडा माळवदाचा, म्हणजे मातीच्या सपाट छताचा. दर उन्हाळ्यात वर पांढरी माती टाकून चोपून घ्यावी लागायची. वडील होते तोवर केलं. आता ते काम येणारा गडी मिळत नाही, आणि मिळाला तरी सागाची तुळवटं, म्हणजे छताच्या तुळया, ते वजन पेलायच्या लायकीची राहिली नाहीत. वरच्या लाकडी किलचनांना वाळवी. मागचे दोन खण तीन पावसाळ्यांपूर्वी बसले, नशीब की रात्री तिथं कोणी झोपलं नव्हतं. आई 78 वर्षांची आहे. संडास चौकाच्या पार पलीकडे. पावसात ती छत्री धरून जाते आणि मी कंदील घेऊन मागं. वीज गेली की असंच.

प्रॉपर्टी कार्डावर अकरा नावं. सात जण पुण्या-संभाजीनगरात, एक बहीण नांदेडला. दुरुस्तीला पैसे मागितले की कोणी फोन उचलत नाही, विकायचं म्हटलं की सगळे सही करायला तयार. बँक असल्या सामाईक वाड्यावर कर्ज देत नाही. दोनदा विचारून आलोय.

वाड्याचे फोटो काढायला मात्र दर दिवाळीला कोणी ना कोणी येतं. दरवाजाची नक्षी, कोनाडे, तुळशीवृंदावन. आजवर त्यांच्यातल्या एकानंही एक टोपलं माती टाकली नाही. इतिहास सगळ्यांचा असेल तर त्याचं ओझं एकट्या माझ्या आईनं काय म्हणून वाहायचं?

बिल्डर तिला पहिल्या मजल्यावर फ्लॅट देणार आहे. लिफ्टसकट. घरात संडास.

एमआयडीसी दुसरी पाळी

वाटेकरी भाऊंशी सहमत. मी 26 वर्षांचा, आळीतच वाढलो. गेल्या वर्षी दोन स्थळं आली. दोन्हीकडून घर बघायला माणसं आली, बोळात गाडी शिरेना म्हणून चौकात लावून चालत आली, आणि परत गेली. पोरगी कुठं राहणार हा प्रश्न त्यांनी विचारला तर त्यांचं काही चुकलं नाही. माझ्या वर्गातली निम्मी पोरं वाळूज आणि पुण्यात राहायलीत. गावात राहण्यासारखं घर मिळालं असतं तर त्यातली काही थांबली असती. आळी जुनी राहील हो, पण रिकामी राहील.

पूररेषा

सिंचनाच्या कामात उभी नोकरी गेली, म्हणून इतिहासात न शिरता पाण्याबद्दल बोलतो.

जायकवाडी आपल्या उशाला आहे. 1965 ला लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते पायाभरणी झाली, 1976 ला लोकार्पण. एकूण साठा 102 टीएमसीच्या (अब्ज घनफुटांच्या) पुढं, दरवाजे 27. वर नाशिक-नगरकडं पाऊस झाला आणि धरणाचा नाथसागर जलाशय भरलेला असला की पाणी सोडण्यावाचून इलाज नसतो. ऑगस्ट 2006 ला विसर्ग 2.5 लाख क्युसेकपर्यंत (सेकंदाला तेवढे घनफूट) गेला आणि गाव बुडालं, ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. सप्टेंबर 2025 ला आकडा 3 लाखांच्या घरात होता, काठावरच्या लोकांना रातोरात उठवावं लागलं. धरण झालं म्हणजे पूर गेला ही समजूत दोनदा खोटी ठरली.

नियम असा. 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती निळी रेषा, 100 वर्षांतून एकदा येणाऱ्याची लाल. 2020 च्या एकत्रित विकास नियमावलीप्रमाणे नदी ते निळी रेषा निषिद्ध क्षेत्र. तिथं बाग, मैदान, भाजीबाजार चालतो, नवी राहती इमारत चालत नाही. निळी ते लाल हे नियंत्रित क्षेत्र. तिथं बांधता येतं, पण जोतं, म्हणजे घराचा चौथरा, लाल रेषेच्या पातळीहून 45 सेंटीमीटर वर पाहिजे. मात्र निळ्या रेषेच्या आतसुद्धा जुन्या अधिकृत बांधकामाचा पुनर्विकास जलसंपदा खात्याच्या ना-हरकतीवर करता येतो. पडका वाडा बिल्डरला सोन्यासारखा वाटतो तो या वाटेमुळं. मोकळ्या प्लॉटला जे मिळणार नाही ते वाड्याला मिळतं.

कागदावर सगळं बसवता येईल. पण जोतं उचललं म्हणजे रस्ता उचलला जात नाही. पहिल्या मजल्यावरची आई कोरडी राहील, पण उतरणार कुठं? लिफ्टचा खड्डा, वीज मीटर, पाण्याची मोटार हे सगळं खालीच असतं. पूर आला की पहिल्या तासात लिफ्ट बंद, दिवे बंद, नळ बंद. आणि भराव टाकून जागा उंच केली की तिथं मावणारं पाणी शेजारच्या बोळात घुसणार. घाटावरची पायरीवाल्यांच्या घरात.

आणखी एक. पांढरी म्हणजे भरावाची जमीन. तिच्यावर सात मजले साध्या पायावर उभे राहत नाहीत. पाइल, म्हणजे जमिनीत खोल जाणारे खांब, घ्यावे लागतील, आणि ते ठोकताना आजूबाजूच्या मातीच्या भिंतींचं काय होईल ते वाटेकऱ्यांनी शेजाऱ्यांना आधी सांगावं.

सिंहगड रोडवरून

मूळ पैठणची, 14 वर्षं पुण्यात. 25 जुलै 2024 ला खडकवासल्यातून 35 हजार क्युसेक सोडलं आणि आमच्याजवळच्या एकतानगरीत सोसायट्यांत पाणी शिरलं. बोटी आणाव्या लागल्या. माझी मैत्रीण तिथं तळमजल्यावर राहायची. फ्रिज, गाद्या, मुलीच्या दहावीच्या वह्या, सगळं गेलं. तिनंही नदीकाठ म्हणून चार पैसे जास्त देऊन घर घेतलं होतं. पुण्याचे ते 35 हजार, आणि वर पूररेषा काकांनी पैठणचा आकडा लाखांत सांगितलाय. कृपा करून हा हिशोब नीट वाचा.

अकरा वाटेकरी

काकांचं म्हणणं मी मान देऊन वाचलं. पण माझा वाडा आजही त्याच जागी आहे ना? 2006 ला तो बुडालाच. मातीची भिंत पाण्यात उभी राहिली तर विरघळते, काँक्रीट विरघळत नाही. आईला त्या वेळी मी पाठुंगळी घेऊन बाहेर काढलं. नवं बांधलं तर निदान वर जाऊन बसायला जागा असेल. नदीची भीती तुम्ही फ्लॅटवाल्याला दाखवताय, वाड्यात राहणाऱ्याला ती रोजचीच आहे.

मागावरची

माझं कोणी विचारलं नाही, तरी सांगते. आमचा पैठणीचा माग खड्ड्याचा. पाय खड्ड्यात सोडून पावड्या दाबायच्या, म्हणून माग तळमजल्यावरच बसतो, तिसऱ्या मजल्यावर खड्डा कुठून आणायचा? 2006 ला खड्ड्यात गाळ भरला, ताणा अर्धा विणलेला होता, रेशीम आणि जर फेकून द्यावी लागली. एका नगाला महिने जातात. म्हणून पुराचं मला कोणी शिकवायला नको.

तरी मी आळीत राहते, कारण गिऱ्हाईक आळीत येतं. नाथांचं दर्शन झालं की बाया बोळाबोळानं फिरतात, माग बघतात, मग घेतात. त्या बोळाच्या तोंडाशी वॉचमन आणि गेट बसलं तर कोण आत येईल? येवल्याचं पैठणीचं नाव आपल्याहून मोठं झालंय. आपल्याकडं उरलंय ते एवढंच, की ही साडी ज्या गावाच्या नावाची आहे त्या गावात विणली जाते.

वाटेकरी दादा, तुमच्या आईला मी ओळखते. त्यांना संडास घरात पाहिजे, हे शंभर टक्के खरं. पण घरातल्या संडासासाठी सात मजले लागत नाहीत.

बीडची माळकरी

मी पैठणची नाही. पण नाथषष्ठीला 22 वर्षं दिंडीबरोबर येते, म्हणून बोलायचा हक्क आहे असं समजते. आम्ही बाया पहाटे चारला घाटावर उतरतो. अंधार असतो, आडोसा नसतो, एकमेकींना लुगडं धरून अंघोळ करतो. आजवर वर कोणाची खिडकी नव्हती. उद्या डोक्यावर सात मजल्यांच्या गॅलऱ्या आल्या तर आम्ही कुठं उतरायचं?

सासऱ्यांचा दहावा आम्ही पैठणलाच केला. पिंड ठेवून कावळ्याची वाट बघत आमची सगळी माणसं दोन तास उभी होती. गॅलरीत चहा पीत कोणी ते बघणार, किंवा उद्या म्हणणार की घाटावर रडारड आणि धूर नको. टाळ-मृदंगाचा त्रास होतो म्हणणारी माणसं आमच्या शहरातही आहेत. लाखो रुपये मोजून नदी घेतली की ती आपलीच वाटायला लागते.

एमआयडीसी दुसरी पाळी

माउली, गॅलरीचं माझ्या डोक्यात आलं नव्हतं. आई पण तिथंच उतरते षष्ठीला. पण मग माझ्यासारख्यानं राहायचं कुठं, हे कोणी सांगेना.

घाटावरची पायरी

खरंय, ते मी सांगायला पाहिजे होतं. वाटेकरी दादा, तुमच्या पहिल्या उत्तरानंतर मी दोन दिवस काही लिहिलं नाही, कारण उत्तर नव्हतं. फोटो काढणाऱ्यांत मीही होतो. 2019 च्या दिवाळीत तुमच्या दरवाजाचा फोटो मी काढलाय.

तरी घाटाच्या बाबतीत माझं मत बदललेलं नाही. कायदा स्मारकापुरता आहे. संरक्षित स्मारकाभोवती 100 मीटर बंदी, पुढचे 200 मीटर परवानगीनं. साध्या वाड्याला आणि आळीला यातलं काही लागू नाही, त्यांना कोणी वाली नाही. म्हणून ते राखायचे तर आपणच काहीतरी करायला पाहिजे. गावातलं नाथांचं मंदिर म्हणजे त्यांचा राहता वाडाच. रोज वापरात आहे, डागडुजी होते, म्हणून उभा आहे.

अकरा वाटेकरी

देवाच्या वाड्याला देणगी येते, दादा. माझ्या वाड्याला घरपट्टी येते.

घाटावरची पायरी

मान्य. म्हणून विचारतो, पुढचे चार खण शाबूत आहेत ना? मागची पडकी बाजू उतरवून तिथं दोन मजली पक्कं बांधकाम केलं, घरातच न्हाणी-संडास, वर झोपायच्या खोल्या, आणि पुढचे खण मागाला किंवा दुकानाला भाड्यानं दिले तर? मागावरच्या ताईंसारख्यांना रस्त्याकडची जागा पाहिजेच आहे. वाटेकऱ्यांना सात मजल्यांइतके पैसे मिळणार नाहीत, हे खोटं कशाला बोलू. एमआयडीसीतल्या भावा, रिकामे पडलेले असे वाडे माझ्या मोजणीत आमच्या एका आळीत नऊ आहेत. एकाएका वाड्यात दोन कुटुंबं सहज राहतील.

पूररेषा

कुठलाही नकाशा काढायच्या आधी एक काम करा. 2006 च्या पाण्याचा डाग वाड्याच्या भिंतीवर अजून असेल. जोत्यापासून टेप लावा. तुमच्याकडं आलेल्या नकाशात पहिल्या मजल्याची उंची लिहिलेली असेल, तिच्याशी ताडून बघा.

अकरा वाटेकरी

मोजलं. टेपचं खालचं टोक आईनं धरलं. डाग जोत्यावरून 5 फूट 4 इंच आहे. जोतं बोळापासून अडीच फूट. नकाशात मीटरची खोली, मोटार आणि ट्रान्सफॉर्मर सगळं बोळाच्या पातळीला दाखवलंय. म्हणजे डोक्याच्या वर पाणी. बिल्डरच्या माणसाला फोन केला तर म्हणाला, ते नंतर बघू.

मी अजून नाही म्हटलेलं नाही. रविवारी सगळे वाटेकरी येणार आहेत, नांदेडची बहीणसुद्धा. काका, तुम्हाला जमलं तर या आणि हे त्यांच्यासमोर सांगा, माझं कोणी ऐकत नाही. आणि घाटावरची पायरी, तुम्हीपण या, पण हात हलवत येऊ नका. माळवदाचं काम येणारा गवंडी सोबत आणा. चार खणांची तुळवटं बदलायला किती पैसे लागतील, ते मला त्याच्या तोंडून ऐकायचंय.

घाटावरची पायरी

गेवराईकडं एक म्हातारे मिस्त्री आहेत, अजून माळवद बांधतात. उद्या सकाळी जाऊन विचारतो. रविवारी दहाला येतो.